अर्धा पलंग

परदेशी शिकायला निघाले तेव्हा बँकेतल्या साहेबांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी मला काटकसरीचे धडे दिले. पलंगसुद्धा अर्धा भाड्याने मिळतो, हे मात्र एकालाही माहीत नव्हतं.

पलंग एक, भाडेकरू दोन. रात्री मी झोपायची. सकाळी मी उठले की बेकरीत रात्रपाळी करणारी मुलगी येऊन झोपायची. तीही शिकायलाच आलेली, तिचे वर्ग संध्याकाळी. आमची गाठ पडायची ती दारातच. ती जांभया देत आत, मी ओले केस बांधत बाहेर. तिच्या अंगाला पावाचा वास यायचा आणि मला सकाळी सकाळी भूक लागायची. चादर-उशी आपापली. उठलं की आपलं अंथरूण पलंगाखालच्या खोक्यात कोंबायचं, असा घरमालकिणीचा नियम. खोली एवढीशी की कपाट उघडायचं तर आधी पलंगावर चढून बसावं लागे. पण भाडं निम्मं. वाचलेल्या निम्म्यातून सुट्टीत घरी जायचं तिकीट काढायचं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

घरी जाऊन करायचं काय? झोपायचं! हसा खुशाल. माझ्या खोलीत, खिडकीशेजारच्या माझ्या पलंगावर, आडवंतिडवं पसरून झोपायचं. पलीकडे आईचं शिलाई मशीन खडखडत असावं आणि "ठमे, ऊठ आता, उन्हं डोक्यावर आली," म्हणून तिने चारदा ओरडावं. दारात कोणी माझ्या उठण्याची वाट बघत उभं नसावं. एवढ्यासाठी जीव तुटायचा माझा. वर्गात चांगलं चाललेलं असायचं आणि मध्येच त्या पलंगाची आठवण यायची.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यावर तिने लोकांचे ब्लाऊज शिवून मला इथवर आणलेलं. तिला अर्धा पलंग कळला असता तर तिने जेवणच सोडलं असतं. म्हणून रोज सकाळी कॉलेजला निघताना मी जिन्यात बसून तिला व्हिडिओ कॉल करायची.

"खोली दाखव ना गं एकदा."

"खोलीत रेंज नसते, आई. तू माझी दाखव."

"मी गॅलरीत आहे. आहे तशीच आहे तुझी खोली. तिला काय धाड भरलीय?"

ती कायम गॅलरीतच असायची. मला वाटायचं, उजेडासाठी. दर महिन्याला थोडे पैसेही पाठवायची. ब्लाऊजची गिऱ्हाइकं वाढलीत म्हणायची.

मग थंडी आली. घरमालकीण दिवसा हीटर बंद ठेवायची. बेकरीवाली दोन स्वेटर घालून झोपायची, तरी कुडकुडायची. शेवटी आईने ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांची शिवून दिलेली गोधडी मी खोक्यात न कोंबता तिच्यासाठी पलंगावरच ठेवू लागले.  तेव्हापासून संध्याकाळी टेबलावर पाव ठेवलेला असायचा.

त्या देशात थंडी सुरू झाली की घड्याळं एक तास मागे घेतात. माझ्या फोनने आपली आपण वेळ बदलली, मला पत्ताच नाही. नेहमीच्या वेळेला मी जिन्यात बसून फोन लावला, तेव्हा घरी तास उलटून गेला होता.

फोन उचलला एका अनोळखी मुलीने. माझ्या पलंगावर मांडी घालून बसलेली. मागे माझं कपाट आणि त्यावर मी लहानपणी चिकटवलेले तारे.

"काकू गिरणीत दळण आणायला गेल्यात. फोन चार्जिंगला होता," ती म्हणाली आणि तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "अगंबाई! तुम्ही ताई ना? तुमचा फोन तर मी कॉलेजातून यायच्या आधीच येऊन जातो..."

"तू कोण?"

"मी इथे राहते. कॉलेजसाठी. भाड्याने."

माझं डोकंच फिरलं. माझी खोली! माझा पलंग! मी इथे अर्ध्यावर दिवस काढतेय आणि तिथे तो अख्खा भाड्याने दिलाय! तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती घाईघाईने म्हणाली, "तुम्ही आलात की मी बाहेर सतरंजीवर झोपणार आहे, तसं ठरलंय आमचं. राग नका मानू, ताई. काकू फार चांगल्या आहेत. सकाळी उठवताना चुकून ठमे म्हणतात. मीही काही बोलत नाही. माझी आई लांब असते ना."

आणि मग मला ओरडता येईना. नुसतं रडू यायला लागलं.

तेवढ्यात आई आली. हातात पिठाचा डबा. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं, आणि फोन घेऊन सवयीने तरातरा गॅलरीत गेली. तिथे पोहोचल्यावर बहुधा तिच्या लक्षात आलं की आता त्याचा काही उपयोग नाही.

"चिडलीस?" तिने विचारलं. "पलंग रिकामा बघवेना गं मला. वर तुला चार पैसे पाठवता येतात."

"गिऱ्हाइकं वाढलीत म्हणे!"

"तू येशील तेव्हा तुझा पलंग तुला. तिला सांगून ठेवलंय मी."

"तिला नको उठवूस, आई. मी तुझ्याजवळ झोपेन."

आईचा पदर डोळ्यांकडे गेलेला दिसला. मग मी उठले, जिना चढले आणि आवाज न करता खोलीचं दार ढकललं. म्हटलं, आता लपवायचं ते काय! फोन पलंगाकडे वळवला.

"ही माझी खोली. आणि हा पलंग. रात्री माझा, दिवसा हिचा."

बेकरीवाली भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. पाय पोटाशी घेतलेले, बोटांना अजून पीठ. आईने वाकून बघितलं. आता ती रडणार, नाहीतर मला फाडून खाणार, म्हणून मी फोनचा आवाज कमी केला.

"ठमे," आई हळूच म्हणाली, ती जागी होऊ नये म्हणून, "गोधडी सरकलीय बघ तिच्या अंगावरची. नीट घाल."