झग्याच्या तीन चुण्या

जाहिरातीत आपोलेनाचं वय आठ छापलं होतं. खरं अकरा. लबाडी तिच्या बापाची, म्हणजे माझ्या मेहुण्याची, हावेलची, पण सुई माझी. तिच्या झग्याला आतून तीन आडव्या चुण्या घालून मीच तो आखूड ठेवला होता. लपवलेल्या प्रत्येक वर्षाला एक चूण. आता दोष कुणाला देऊ?

"भावोजी, पोरगी ताडमाड वाढतेय," मी म्हणायचे.

"अगं दोरोता, आठ वर्षांची म्हणूनच राजेलोक आत घेतात. अकराच्या पोरी त्यांच्या घरात चिक्कार आहेत."

आमचं बोहेमियातलं गाव सोडून दोन वर्षं झाली होती. दरबार बदलला तरी करमणूक तीच. हार्पसिकॉर्ड या वाद्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर कापड टाकायचं, पोरीने न बघता वाजवायचं, बायकांनी हातातले पंखे थांबवून "अगं बाई!" म्हणायचं.

"मावशी, त्याच बारा धुना वाजवून मला वीट आलाय गं," आपोलेना म्हणाली. "पुढचं कोण शिकवणार?" हावेल गावच्या चर्चमधला ऑर्गनवादक. त्याला येत होतं ते सगळं शिकवून संपलं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

फाल्केनरोडाच्या राजमातेच्या पदरी एक इटालियन गुरुजी होते. त्यांनी ते कापड खसकन ओढून फेकलं आणि तासभर पोरीला नवं काही वाजवायला लावलं. ती चुकली, परत चुकली आणि खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली हो!

"हिला इथे ठेवून शिकवायची माझी फार इच्छा आहे," राजमाता म्हणाल्या. "पण आठच वर्षांची? छे! अकराच्या आतलं पोर मी ठेवत नाही. आईसाठी रडून वाडा डोक्यावर घेतात. तीन वर्षांनी आणा."

आपोलेनाचा चेहरा पडला. मी हावेलकडे बघितलं, तर तो बुटांकडे बघत होता. पुढच्या सहा दरबारांत जाहिराती पोचल्या होत्या. खरं बोलला असता तर सगळी दारं बंद. आणि मी? माझीही दातखीळ बसली. आजही त्याची लाज वाटते.

"तुझी आई कुठे असते, बाळ?" राजमातेने विचारलं.

आपोलेना अंघोळीलासुद्धा गळ्यातलं लॉकेट काढत नसे. त्यात माझ्या बहिणीच्या, रोझिनाच्या केसांची बट होती. पोरीने ते काढून राजमातेच्या हातावर ठेवलं.

"मी जन्मले त्याच दिवशी गेली, बाईसाहेब. साल मागे कोरलंय."

राजमातेने लॉकेट डोळ्यांपासून लांब धरलं. "सतराशे बावन्न." मग बोटं मोजली. "आता त्रेसष्ट चालू आहे. काय हो, आई वारल्यावर तीन वर्षांनी जन्मली की काय ही?"

सगळा दरबार हसला. हावेल कानापर्यंत लाल झाला.

"वीस वर्षांत माझ्या दारी बारा वर्षांचं एक पोर आलेलं नाही. सगळी म्हणे सहा नि सातची!" राजमाता म्हणाल्या. "मुलगी राहील. तुम्ही उद्या निघा. पुढच्या दरबारांना मी पत्रं धाडतेय."

म्हणजे दौरा संपला. खोलीवर आल्यावर हावेल पलंगावर मटकन बसला. मला वाटलं, आता पोरीवर हात उगारतोय.

"मला आधी सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही लॉकेट काढून घेतलं असतं, बाबा."

त्याने बूट काढून पलंगाखाली सारले. "घेतलं असतं," म्हणाला.

मी कात्री घेतली आणि तिन्ही चुण्या उसवल्या. झगा घोट्यापर्यंत आला. चुण्यांच्या जागी न विटलेल्या निळ्या रंगाचे तीन पट्टे दिसत होते. माझी बहीण लग्नाआधी दिसायची, थेट तशी दिसत होती पोर. मला रडू आवरेना. हावेल रोझिनाच्या मातीलाही रडला नव्हता; त्या दिवशी रडला.

मग नाक पुसून म्हणाला, "दोरोता, ते पट्टे इस्त्रीने जातात का बघ. उद्या गुरुजींसमोर बसायचंय तिला."

पट्टे काही गेले नाहीत. ती तशीच गेली.