पायाळू

"पाय लावा वहिनी. नर्स यायच्या आत," आबाजी म्हणाला आणि दारात उभा राहून व्हरांड्याकडं बघू लागला.

शालनबाईनं दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले.

खाटेवर तिची धाकटी जाऊ, आबाजीची बायको इंदू, उताणी पडली होती. डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमटे, त्यांना दोरी, दोरीला उशाकडं लोंबणारं वजन. सांगवीहून पुण्याला आणेपर्यंत तिचे हातपाय लुळे झाले होते. उद्या तोंडातून ऑपरेशन होतं.

"तोंडातनं मानेत जात्यात व्हय कुठं?" आबाजी करवादला. "त्यापरीस तुमचा नुसता अंगठा टेकवा."

"लावा आक्का," इंदू पुटपुटली. "तुमच्या पायाला गुण हाय."

शालन पायांकडून जन्मली होती. कुणाला उसण भरली, मान धरली, की शालनच्या पायाची लाथ बसली पाहिजे. पुनावळ्याहून माणसं बैलगाडी घेऊन यायची. एरवी तिला कोण विचारत होतं? पण त्या दिवशी तिला घोंगडीवर बसवून चहा मिळायचा, पाटीलसुद्धा तिच्यापुढं पालथा पडायचा.

इंदूची मान दुखत होती तेव्हा पहिल्यांदा तिनं अलगद पाय लावला. दुखणं थांबलं नाही. मग खुरपणीच्या दिवसांत इंदू रोज मान धरून घरी बसायला लागली. उन्हातली सगळी सरी शालनच्या वाट्याला आली. त्या दुपारी इंदू म्हणाली, "आक्का, जरा दाबून लावा की." शालननं दाबून लावला. किती दाबून, ते तिलाच ठाऊक. ती लाथ उसणीची नव्हती. संध्याकाळी इंदूच्या हातातून कळशी निसटली.

"गावाला लावता," आबाजी म्हणाला, "घरच्याला जड जातंय व्हय?"

तेवढ्यात डॉक्टर आलेच. गडबडीनं उठून मध्येच उभ्या राहिलेल्या शालनला म्हणाले, "सरका जरा." मग आबाजीला समजावलं, "मणक्याला क्षय झालाय. घशामागं पू साठलाय, किडलेलं हाड आतल्या नसांच्या दोरावर दाबतंय. मागून गेलो तर तो दोरच आडवा येतो. घशातून हाड जवळ आहे." त्यांनी इंदूच्या तळपायावर किल्ली ओढून पाहिली. "मानेला मार, धक्का काही बसला होता?"

"मार कुठला, सायेब? वहिनींनी दोनदा पाय लावला. पायाळू हायेत त्या."

डॉक्टरांनी शालनच्या पायांकडं पाहिलं. फरशी उघडी होती, लपवायला जागा नव्हती. ओरडतील, हाकलतील, म्हणून ती मान खाली घालून थांबली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हाडाचा आतून भुसा झालेला असतो, बाई," ते हळू म्हणाले. "बाहेरून कुणाला कळत नाही. पुन्हा लावू नका, एवढंच."

त्यांनी तिचा अडाणीपणा माफ केला होता. तिचा राग त्यांना ठाऊकच नव्हता.

ऑपरेशन पार पडलं. नाकातली नळी निघाली त्या दिवशी नर्सनं पेजेची वाटी शालनच्या हातात दिली. शालन स्टुलावर मांडी घालून बसली.

"आक्का, बोट हालतंय बघा," इंदू घोगऱ्या आवाजात म्हणाली. खरंच हलत होतं. "घरी गेल्यावर पाठीला तेवढा पाय लावा. पडून पडून अवघडलीया."

"आ कर."

इंदूनं लेकरासारखा आ केला. पडजिभेमागं टाक्यांची काळी रेघ होती.

"दिसतंय का, कुठनं कापलं?"

"न्हाई दिसत," शालन म्हणाली आणि चमचा पुढं केला.

वाटी संपेपर्यंत मांडीखालच्या पायांना मुंग्या आल्या. तिनं ते खाली सोडले नाहीत.