साखळीचा मान

ज्याने प्रभूच्या नावासाठी पायात साखळी वागवली, तो ख्रिस्ती मंडळीचा वडील झालाच. बिशपने त्याच्या डोक्यावर हात ठेवून नेमायचीही गरज नाही. याहून थोर मान पृथ्वीवर नाही, असं कार्थेजची सगळी मंडळी मानत होती. टोपल्या विणणाऱ्या सिद्दिनचं म्हणणं एवढंच होतं, की तो मान दुसऱ्या कुणाला तरी द्यावा.

अकरा दिवस तुरुंगात काढून, कुठलंच पद नाही म्हणून तो सुटला होता. सम्राटाचं फर्मान स्पष्ट होतं: बिशप, वडील, सेवक सापडला की शिरच्छेद. टोपल्या विणणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

सकाळी विधवा सनामेबाईंच्या घरी मंडळी जमली. वडिलांच्या बाकावर बसायला कुणी उरलंच नव्हतं. सेवक मिग्गिनने सिद्दिनला दंडाला धरून तिकडे नेलं.

"बस, भाऊ. तुझीच जागा."

"मला साखळी नव्हती हो." सिद्दिनने दंड सोडवून घेतला. "नुसतं कोंडलं होतं. मग हात ठेवावेच लागतात ना? आणि बिशप तर फर्मानाआधीच हद्दपार."

सुटल्यापासून त्याने हा नियम चारचौघांना विचारून पक्का करून घेतला होता.

मिग्गिन विचारात पडला. सिद्दिनच्या जिवात जीव आला.

"नव्हती कशी?" सनामेबाई कडाडल्या. "रोज तुझी भाकर घेऊन कोण यायचं? दोन्ही पायांत होती. वर मलाच म्हणायचास, आई, तेल लाव, सोलतंय."

"आई, तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही."

"घोटे दाखव, मेल्या!"

घोटे दाखवावे लागले. मंडळीने गुडघे टेकून देवाचे आभार मानले. सिद्दिन बाकाच्या अगदी कडेला टेकला, जणू बाक तापलेला असावा.

तोच दार धडधडलं. शिपाई आत आला. हातात नावं कोरलेली मेणाची पाटी.

"इथला वडील कोण?"

सगळ्यांनी बाकाकडेच बघितलं. 'मी नाही' म्हणायला सिद्दिनने तोंड उघडलं.

"मी."

आवाज आपलाच, हे त्याला जरा उशिरा कळलं.

"नाव?"

"सिद्दिन."

शिपायाने पाटीवरून बोट खालपर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं.

"यात नाही," तो म्हणाला आणि चालू लागला.

पाटी मागच्या महिन्याची होती. नवी अजून लिहून व्हायची होती.