लाल ठिपका, निळा ठिपका

"फिलिपिन्सला कोणता रंग लावला तुम्ही?" पुनम मॅडमनी नकाशाजवळ जाऊन विचारलं.

"निळा," लटारूभाऊ म्हणाले. "एक साहेब जाऊन आले तिथी. ते म्हणे, रस्त्याच्या कडेले पत्र्याच्या शेडीत पूल खेलतेत लोक. आपल्याकडे कॅरम खेलतेत तसं."

"आणि हे थायलंड लाल?"

"तिथी स्नूकर. चीनले दोन्ही हाय. अमेरिका पूर्ण निळी. तिथी स्नूकर म्हटलं तं लोकायले समजतच नाई म्हणे."

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत अधिकाऱ्यांचा एक क्लब आहे. लटारू भोयर तिथे एकतीस वर्षांपासून मार्कर होते. मार्कर म्हणजे टेबलाचं कापड ब्रशनं झाडायचं, बॉल मांडायचे, खेळ सुरू झाला की गुण मोठ्यानं बोलायचे. खाणीतले साहेब कधी प्रशिक्षणाला परदेशी जात. परत आले की लटारूभाऊ प्रत्येकाला एकच विचारत, "साहेब, तिथी टेबल कोणता हाय?" स्नूकर म्हटलं की त्या देशावर कुंकवाचा लाल ठिपका. पूल म्हटलं की स्टिकला लावायच्या खडूचा निळा. नकाशा शाळेतून रद्द झालेला होता, घड्यांवर फाटलेला. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

दोन्ही खेळ स्टिकचेच. पण स्नूकरचं टेबल बारा फूट लांब. त्यावर पंधरा लाल बॉल, सहा रंगीत आणि एक पांढरा. पॉकेटं अरुंद, खेळ सावकाश. पूलचं टेबल लहान, पॉकेटं रुंद, डाव पटकन संपतो.

"ऑस्ट्रेलियाचा लाल ठिपका आता पुसट करा," मॅडम म्हणाल्या. "मी चार महिने होते ना तिथं. स्नूकर जुन्या क्लबांत म्हातारे खेळतात. बाकी जिकडेतिकडे पूल."

"आन इंग्लंड?"

"ते राहू द्या लालच." मॅडम हसल्या. मग त्यांचं बोट भारतावर आलं. "आपल्या चंद्रपूरला ठिपका नाही?"

"आपल्याच घरी कोनी ठिपका लावते का, मॅडम?"

पुनम मॅडम मूळच्या नागभीडच्या. खाणीत सर्व्हे विभागात अधिकारी आणि महिनाभरापासून क्लबच्या सचिव. त्यांनी खुर्ची ओढली.

"लटारूभाऊ, मागच्या महिन्यात या टेबलावर किती जण खेळले?"

"तीन."

"लेकरं किती?"

"लेकरायचा हातच पोचत नाई टेबलावर."

"म्हणूनच म्हणते. सोमवारी पत्त्यांच्या खोलीत पूलचं एक टेबल येणार आहे. पंधरा दिवस बघू. लोक आले, तर हे मोठं टेबल काढायचं आणि इथं दुसरं पूल लावायचं. कमिटीचं तसं ठरलंय."

लटारूभाऊंनी ब्रश खाली ठेवला. पूलला मार्कर लागत नाही, हे नकाशासाठी साहेबांना विचारता विचारताच त्यांना कळलं होतं.

"मॅडम, स्नूकर जबलपुरात निघाला म्हणतेत. तुमच्या नागभीडवरूनच गाडी जाते तिथी."

"जाते. पण जबलपूरला तरी आता किती जण खेळत असतील?"

लटारूभाऊंनी ब्रश परत उचलला.

घरी बायकोनं, कमळाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "मंग आता काय कराल? घरी बसून माह्या भाकरी मोजाल?"

"मोजीन. तूच म्हंते ना, घरी लक्ष नाई माहं."

"मस्करी नका करू. त्या नव्या टेबलासाठी अडीचची गोष्ट सांगतली का तुमी मॅडमले?"

"त्यायनं विचारलंच नाई."

अडीचची गोष्ट या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हती. रोज दुपारी अडीचला खाणीत भोंगा वाजतो आणि स्फोट होतो. वसाहतीतली भांडी किणकिणतात, जमीन किंचित हलते. तेवढ्यानं टेबलाचा एखादा पाय केसभर दबतो. डोळ्याला दिसत नाही, पण बॉलला कळतं. भोंगा झाला की लटारूभाऊ रिकाम्या क्लबात एक बॉल हळूच सोडत. तो ज्या बाजूला वळेल तिकडच्या पायाखाली तेंदूच्या सुक्या पानाचा तुकडा सरकवत. कागद दमट होऊन लगदा होतो, लाकूड जाड पडतं. तेंदूचं पान दाबलं की बसतं आणि बसलं की राहतं. कमळाबाईंचं माहेर चामोर्शीकडचं. उन्हाळ्यात पानतोडणी झाली की त्या दोन पुडके आणून देत. या साहेबाकडून त्या साहेबाकडे क्लब गेला, पण त्या वेळी टेबलाखाली वाकून कोणी बघितलं नाही.

सोमवारी पूलचं टेबल आलं. नागपूरच्या फिटरनं पाणसळ ठेवून पातळी बघितली, पाय फिरवले आणि तो गेला. संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरं, बाया, कधी क्लबात न आलेले क्लार्क, सगळे होते. लटारूभाऊ दारातून बघत राहिले. मोठ्या टेबलावर त्या दिवशी फक्त उजेड होता.

बुधवारपर्यंत सगळे बॉल खिडकीकडे जाऊ लागले.

"फालतू टेबल दिलं राव त्यानं," स्टोअरचा रोशन म्हणाला.

"वापस पाठवा," दुसरा म्हणाला.

लटारूभाऊ आपल्या स्टुलावर बसून होते. खिशात पान होतं. गुरुवारी गर्दी अर्ध्यावर आली, तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि त्या रात्री जेवण नीट गेलं नाही.

शुक्रवारी शाळा लवकर सुटली म्हणून तीनच्या सुमारास रोशनची मुलगी दिव्यानी एकटीच आली. पाचवीतली. तिनं पांढरा बॉल ठेवला, समोर एक पिवळा ठेवला, आणि मारला. पिवळा पॉकेटच्या तोंडाशी जाऊन वळला. तिनं पुन्हा मांडला. पुन्हा वळला. सहा वेळा झालं. सातव्यांदा तिनं स्टिक भिंतीला टेकवली.

"झालं का खेलून?" लटारूभाऊंनी विचारलं.

"मले नाई जमत, आबाजी. माहा हातच वाकडा हाय. शाळेत मॅडम बी म्हंते, दिव्यानी, तुह्या रेघा वाकड्या."

हे ती रडून बोलली नाही. पटल्यासारखी बोलली. लटारूभाऊंना ते जास्त लागलं.

"एक डाव आणखी मार. मी पायतो."

तिनं मारला. एकतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ साहेबांची कोपरं बघितली होती. बहुतेक बाहेर जायची. या पोरीचं कोपर घड्याळाच्या लोलकासारखं एका रेषेत मागे गेलं आणि पुढे आलं. पिवळा वळलाच.

"तुहा हात सरळ हाय," ते म्हणाले. "टेबल वाकडं हाय."

"टेबल कसं वाकडं असन? नवं तं हाय."

"इकडं ये. हा बॉल इथी ठेव. ढकलू नको, नुसता सोड. आता पाय, कोनीकडं जाते."

"खिडकीकडं."

"मंग कोणता पाय खाली गेला असन?"

तिनं विचार केला. "खिडकीकडचा. हा कोपऱ्यातला."

"बरोबर."

ते गुडघ्यांवर बसले. तिला वाटलं, पडलेलं काही शोधत आहेत. त्यांनी खिशातून पान काढलं, कोपऱ्यात ठेवलेल्या पहारीनं पाय जरा उचलला, तुकडा सरकवला. "सोड आता." बॉल उलट्या बाजूला गेला. "जास्त झालं. अर्धं फाड." तिनं पान फाडून दिलं. "सोड." बॉल मधोमध गेला आणि मधोमध थांबला.

"आता मार."

पिवळा सरळ गेला. पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज आला. दिव्यानीनं पॉकेटकडे नाही, आधी आपल्या कोपराकडे बघितलं.

लटारूभाऊ टेबलाला धरून उठले, तर दारात पुनम मॅडम उभ्या.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"टेबल आलं तवापासून."

"मग सांगितलं काऊन नाई?" रागावल्या की त्यांच्या तोंडात नागभीड यायचं.

"सांगतलं असतं तं हे टेबल चाललं असतं, मॅडम. आन ते गेलं असतं." त्यांनी मोठ्या टेबलाकडे हात केला. "मीबी."

मॅडम वळून निघून गेल्या. लटारूभाऊंनी ब्रश धुतला, वाळत घातला. जे व्हायचं ते आता त्यांनी स्वतःच्याच हातानं केलं होतं. तरी त्या रात्री जेवण नीट गेलं.

शनिवारी भोंग्यानंतर मॅडम परत आल्या. हातात वर्कशॉपमधली बारीक कामाची पाणसळ. त्यांनी ती मोठ्या टेबलावर ठेवली. एका कोपऱ्यात, मधे, दुसऱ्या कोपऱ्यात, अशी बारा ठिकाणी. वहीत आकडे लिहिले. मग वही बाजूला ठेवून सगळं पुन्हा मोजलं.

"आज पान लावलं?"

"नाई, अजून लावाचं हाय."

"लावा. मी थांबते."

त्यांनी लावलं. मॅडमनी तिसऱ्यांदा मोजलं. पाणसळीतला बुडबुडा बाराही ठिकाणी मधोमध होता.

"लटारूभाऊ, मी रोज खाणीत हेच काम करते. मशीन लाखाची. आमची पातळी एवढी अचूक येत नाही." त्यांनी वही मिटली. "आणि हे टेबल, ही नोकरी तुम्ही त्या पोरीसाठी फुकट घालवायला निघाले होते."

"तिले वाटून राह्यलं होतं, तिचा हात वाकडा हाय."

पंधरा दिवसांची वाट न बघता रविवारीच कमिटी बसली. बाहेर येऊन मॅडमनी सांगितलं ते थोडक्यात. पूल पत्त्यांच्या खोलीत राहील, त्यावर लेकरं शिकतील. मोठं टेबल जागचं हलणार नाही. ज्याचा हात पोचेल तो तिकडे येईल. दोन्हींना मार्कर एकच.

"दोन टेबलं जमतील ना?"

"पानं जास्त लागतीन," लटारूभाऊ म्हणाले.

कमळाबाईंनी ऐकलं आणि चुलीवरचा तवा उतरवला. "म्हंजे पानं मलेच आना लागतीन."

सोमवारी शाळा सुटल्यावर दिव्यानी आली. लटारूभाऊंनी तिला नकाशासमोर नेलं. एका हातात कुंकवाची डबी, दुसऱ्यात निळा खडू.

"चंद्रपूर सापडते का पाय."

"सापडलं. वर हाय, हात नाई पुरत. कोणता लावू?"

"दोन्ही लाव. शेजारी शेजारी."

तिनं स्टूल ओढलं आणि एक पाय ठेवला. स्टूल डगमगलं.

"थांब," ते म्हणाले. खाली वाकले, खिशातून पान काढलं, घडी घालून स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. हातानं दाबून बघितलं. मग बाजूला झाले.

"चढ आता."