भिंतीकडे वळलेली खुर्ची

कॉफी होईपर्यंत नडीन कोवालिक आपली बोटे बांधून घेई. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे, सुती चिकटपट्टीची गुंडाळी डाव्या कोपराखाली दाबून धरायची आणि आधी अंगठा, मग तर्जनी, मग मधले बोट असे एकेक टोक पेरापर्यंत गुंडाळत जायचे. पट्टी फार आवळली तर दुपारपर्यंत बोट बधिर होते. सैल राहिली तर तापलेले पितळ कातडीला डसते. पट्टीचे शेवटचे टोक घट्ट चिकटवायचे नाही, दुमडून मोकळे ठेवायचे, म्हणजे चाकाने ओढलेच तर पट्टी जावी आणि बोट राहावे. हे तिला वडिलांनी याच टेबलाशी शिकवले होते.

बांधलेल्या बोटांनी तिने रविवारचे उरलेले पिरोगी, बटाटा भरून उकडलेले कानवले, डब्यात भरले, मांजरीची वाटी भरली आणि गाडीच्या काचेवरचे दंव खरवडले. मार्च उजाडला होता, तरी रस्त्याकडेच्या बर्फाचे काळे ढीग वितळायचे नाव घेत नव्हते. कारखान्यापर्यंतच्या वाटेवर तिला एकच गाडी भेटली. पूर्वी या वेळी पुलावर रांग लागत असे.

डेन्स्लोच्या कारखान्यात पितळी नळ तयार होत, आणि नडीन त्यांना चकाकी देणाऱ्या खात्यात होती. कापडाच्या शेकडो चकत्या एकावर एक शिवून केलेले चाक गरागरा फिरत असते. त्याला पॉलिशची वडी लावायची आणि ओतकामातून आलेला खरखरीत नळ दोन्ही हातांत धरून त्यावर टेकवायचा, की काळ्या धुळीतून हळूहळू आरसा उमटतो. ओहायोतल्या या गावाने तिच्या वडिलांच्या तरुणपणापासून हेच केले होते. गेल्या शरद ऋतूत कंपनीने जाहीर केले की उन्हाळ्यात, जुलैमध्ये, चाके मेक्सिकोला, साल्तियोला हलतील. त्याआधी तिथली काही माणसे येऊन काम शिकून जातील, आणि शिकवायला जो तयार होईल त्याला कंपनी जादा पगार देईल.

युनियनच्या सभागृहात त्या रात्री फार भाषणे झालीच नाहीत. शिकवायच्या कागदावर कुणी सही करायची नाही आणि आलेल्या माणसांशी एक शब्दही बोलायचा नाही, एवढाच ठराव झाला. सगळ्यांबरोबर नडीननेही हात वर केला होता.

ठराव मोडणाऱ्याचे काय होते हे कुणाला सांगावे लागले नाही. जेवणाच्या खोलीत त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली जाते. खात्यातला सर्वांत जुना माणूस ती फिरवतो आणि पुन्हा कुणी ती सरळ करत नाही. नडीनच्या लहानपणी एक मोठा संप झाला होता. तिचे स्टेफान मामा संप मोडून कामावर गेले, आणि त्यांची खुर्ची फिरवणारे तिचे वडीलच होते. मामा निवृत्त होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून जेवले. ईस्टरला त्यांचे ताट घरात मांडले गेले नाही, आणि आईने त्याबद्दल कधी एक अक्षर काढले नाही.

नडीनच्या चाकामागे सोमवारपासून उभी राहणारी साल्तियोची बाई एल्विया या नावाची होती. तिच्या हिरव्या जाकिटावर ते शिवलेले होते. वय तिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, नजर सतत नडीनच्या मनगटांवर. दोन दिवस नडीनने तिच्याकडे मान वळवली नव्हती. आज मात्र नवा नळ उचलताना तिचे लक्ष गेले. एल्वियाच्या पट्ट्यात चामड्याचे नवेकोरे हातमोजे खोचलेले होते.

नडीन पुन्हा चाकाकडे वळली, पण पितळावरचा तिचा हात काही क्षण उगाचच एका जागी राहिला.

पलीकडच्या ओळीत व्हर्ल स्टॅम्पर काम करत होता. त्याच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट नव्हते. केंटकीहून तो इथे आला तेव्हा जेमतेम विशीचा होता. दुसऱ्या हिवाळ्यात थंडीने बोटे आखडली म्हणून कुणाला न विचारता त्याने मोजे चढवले, आणि चाकाने मोजा पकडला. उघडे बोट चाकावरून निसटते, मोजा निसटत नाही. त्या खात्यात ही गोष्ट इतकी जुनी आणि सर्वांना इतकी ठाऊक होती की ती भिंतीवर कुठे लिहून ठेवावी असे कुणाच्या मनात आलेच नव्हते.

दुपारी चौघेजण नेहमीच्या टेबलाशी बसले. नडीन आणि व्हर्ल समोरासमोर, एका जोडीत. विरुद्ध जोडी मुलामा खात्यातली ओडेसा प्रूइट आणि वेंडेल यांची. चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा यूकर हा पत्त्यांचा डाव या टेबलावर अनेक वर्षे चालला होता. कालचा डाव आज पुढे नेला जाई.

"हातमोजे पाहिलेस?" पत्ते वाटता वाटता ओडेसाने विचारले.

"पाहिले," व्हर्ल म्हणाला. "चांगले आहेत. कंपनीनं पहिल्यांदाच कुणाला काहीतरी फुकट दिलं."

"तुला दिले असते तर एक बोट रिकामंच लोंबलं असतं, म्हाताऱ्या," वेंडेल म्हणाला.

"दोन. मोजता येत नसेल तर पत्ते खाली ठेव."

वेंडेल हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "जेवणानंतर त्यांना चाकावर उभं करणारेत. गॅरिटी सांगत होता."

गॅरिटी हा नवा सुपरवायझर. गोदामातून इथे आला होता, जुन्याला काढल्यावर.

"मग गॅरिटीला कुणीतरी सांगा की," नडीन म्हणाली.

"मी सांगितलं ना सकाळीच," ओडेसा म्हणाली. "म्हणाला, हेडऑफिसचा नियम आहे, पाहुण्यांच्या हातात मोजे पाहिजेतच. विमा कंपनीनं कळवलंय म्हणे. हरकत असेल तर लेखी दे, मी वर पाठवतो. आता ते वर जाणार, वरचे त्यावर मीटिंग घेणार. तोवर चाक काय, थांबून राहणारे?"

"आपलं काम तू केलंस," व्हर्लने हुकमाचा पत्ता टाकला. "संपलं. ठरलंय काय आपलं? एक शब्द नाही."

"पण हे शिकवणं नव्हे, व्हर्ल."

"नव्हे कसं? या खात्यात शिकवायचं ते हेच. बाकी सगळं तर चाकच शिकवतं." त्याने हात वर करून तिच्यासमोर धरला. "मला शिकवलंच की."

"तुला कुणी सांगितलं असतं तर?"

"तर आज गिटार वाजवत असतो. खेळ तू."

नडीनने हातातला चुकीचा पत्ता टाकला. व्हर्लने तो पाहिला, पण नेहमीसारखा टोमणा मारला नाही.

"मला राग कशाचा येतो सांगू?" तो म्हणाला. "तोटा झाला असता ना, तर मी मुकाट टोपी उचलून निघालो असतो. कोळशाची खाण बंद पडली तेव्हा माझा बाप तसाच निघाला. खाणीत कोळसाच उरला नव्हता, भांडणार कुणाशी? इथं तसं आहे का? नाताळात त्यांनी आपल्याला टर्की वाटल्या, विक्रमी वर्ष झालं म्हणून. आणि आता म्हणे नफा कमी पडतो. कुणाला पडतो? बंद करतोय म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी शेअर वर गेला. म्हणजे आपण जाणार, म्हणून कुणीतरी केक कापला असेल तिकडे."

"आणि शनिवारी तू हायवेवरच्या त्या मोठ्या दुकानात जातोस, ते?" ओडेसाने विचारले. "तिथं सगळं स्वस्त मिळतं ते कुठून येतं?"

"मी नळ घेत नाही तिथून."

"तुला कशाला लागतायत घ्यायला," वेंडेल म्हणाला, आणि क्षणभर चौघेही हसले. व्हर्लच्या घरातले नळ कुठून आले होते हे सर्वांना माहीत होते.

"बूट बघू तुझे," ओडेसा सोडत नव्हती.

"चीनचे आहेत. मग? शेजारच्या गावात बुटांचा कारखाना होता, तो गेला. तेव्हा मला कुणी विचारायला आलं होतं, की बाबा, कारखाना ठेवू का बूट स्वस्त करू? मला आयुष्यात कुणी काही विचारलंच नाही. नुसतं कळवतात."

"हा कारखाना तरी इथला कुठं होता?" नडीन म्हणाली. बोलायचे ठरवलेले नव्हते, पण बोलली. "कनेटिकटमधून आलाय. तिथं मजुरी वाढली म्हणून मालकानं चाकं उचलून इथं आणली. माझ्या बाबांना बोटं बांधायला शिकवलं ते तिकडच्याच एका माणसानं. महिनाभर इथं राहिला, शिकवलं, आणि परत गेला. परत जाऊन करायला त्याच्याकडे काम नव्हतं."

"मूर्ख होता."

"असेल. बाबांची दहाच्या दहा बोटं शवपेटीत गेली."

 व्हर्लने आपला उजवा हात टेबलाखाली घेतला. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता, आणि त्यात ओळखीच्या माणसाची काकुळत होती.

"नडीन, ऐक माझं. ती बाई वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिचीही पोरं असतील. पण आपल्याकडे आता आहे काय? इमारत त्यांची, चाकं त्यांची, नळ त्यांचे. गप्प बसणं तेवढं आपलं आहे. तेही तू देऊन टाकणार?"

 व्हर्ल खोटे बोलत नव्हता. भोंगा झाला तेव्हा डाव अर्धाच होता. ओडेसाने पत्ते होते तसे उपडे घालून वर खोके ठेवले, उद्यासाठी.

जेवणानंतर नडीनच्या शेजारचे चाक सुरू झाले. गॅरिटी हातात घड्याळ घेऊन उभा होता. एल्वियाने ट्रेमधून एक नळ उचलला, तो खाली ठेवला, पट्ट्यातून मोजे काढले आणि बोट न् बोट नीट बसवून ते चढवले. पहिल्या दिवशी वर्गात जावे तशी तिची तयारी होती.

नडीनने आपले चाक बंद केले. एक चाक मंदावू लागले की खात्यातल्या आवाजात खळगा पडतो. तो सर्वांना ऐकू येतो, आणि माना वळतात. त्या वळलेल्या मानांमधून ती तीन पावले चालून गेली आणि तिने एल्वियाच्या चाकाचे लाल बटण दाबले.

एल्विया दचकून मागे सरली. या बायका-पुरुषांनी दोन दिवसांत तिच्याकडे पाहिले नव्हते, आणि आता एक बाई अंगावर येत होती. नडीनने तिचे मनगट धरले, उजव्या हातातला मोजा ओढून काढला, तो काठाला दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि मंदावत चाललेल्या चाकाला खालून नुसता टेकवला. मोजा हातातून गेलेला दिसलाच नाही. मागच्या, धूळ ओढून घेणाऱ्या नळकांड्यात काहीतरी धाडकन आदळले, एवढेच ऐकू आले.

एल्विया आपल्या उघड्या हाताकडे पाहत राहिली. मग तिची नजर पलीकडच्या ओळीकडे गेली, आणि नडीनला कळले की या बाईने दोन दिवसांत व्हर्लचा हात पाहिलेला होता, फक्त त्याचे कारण तिला आता समजत होते. व्हर्लने हात एप्रनमागे घेतला आणि तो चाकाकडे वळला.

नडीनने खिशातून चिकटपट्टी काढली. एल्वियाच्या बोटात बारीक अंगठी होती. अंगठीकडे बोट दाखवून नडीनने नकारार्थी मान हलवली. एल्विया घुटमळली, मग तिने अंगठी काढून गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत ओवली. आधी अंगठा, मग तर्जनी, मग मधले बोट. पट्टीचे टोक दुमडून मोकळे. डाव्या हाताची बोटे एल्वियाने स्वतः बांधली. नडीनने एक पट्टी सोडवून थोडी सैल करून दिली. मग चाक सुरू केले, तिचे दोन्ही हात चाकाच्या मध्याच्या खाली आणून ठेवले, आणि नळावरच्या काळ्या धुळीतून पहिली चकाकी उमटेपर्यंत आपले हात तिच्या हातांवर तसेच राहू दिले. दोघींमध्ये एक शब्दही झाला नाही. पण ठरावात शब्द म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

गॅरिटी तोंडभर हसत आला. "मला वाटलंच होतं, कुणीतरी शहाणं निघेल." त्याच्या हातात कागद होता. "इथं सही कर, म्हणजे आजपासूनच जादा पगार लागू होईल."

"नको."

"अगं, हक्काचे आहेत तुझे."

"नको म्हटलं ना."

पण हे बोलणे चाकांच्या आवाजात कुणाला ऐकू गेले नाही. लोकांना दिसला तो गॅरिटीचा हसरा चेहरा, त्याच्या हातातला कागद, आणि नडीनच्या खांद्यावर पडलेली त्याची थाप.

पाळी सुटल्यावर आवारात ओडेसाची गाडी तिच्याजवळ येऊन थांबली. ओडेसाने काच अर्धीच खाली केली.

"किती देतायत?"

"काही नाही. सही केली नाही मी."

ओडेसाने आरशातून मागे पाहून घेतले. "माझा विश्वास आहे गं," ती म्हणाली. "बाकीच्यांचा बसणार नाही. आणि मला जुलैपर्यंत इथंच राहायचंय, त्यांच्यातच. उद्या माझ्याशी बोलू नकोस." काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी होईपर्यंत नडीनने बोटे बांधली. डब्यात पिरोगी भरले, मांजरीची वाटी भरली. पुलावर आज एकही गाडी नव्हती. खात्यात कुणी तिला सुप्रभात म्हटले नाही. शेजारच्या चाकावर एल्विया उभी होती. तिची बोटे घरूनच बांधून आलेली होती, आणि तिच्यापलीकडे उभ्या असलेल्या तिच्या गावच्या दोघांचीही.

खात्यातला सर्वांत जुना माणूस व्हर्ल होता. सकाळभर त्याने नडीनकडे पाहिले नाही, आणि दोनदा नळ त्याच्या हातून निसटून ट्रेमध्ये पडला. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

जेवणाचा भोंगा व्हायच्या थोडे आधी नडीनने चाक बंद केले आणि ती एकटीच जेवणाच्या खोलीत गेली. टेबलावर पत्त्यांचा अर्धा डाव खोक्याखाली तसाच उपडा होता. व्हर्लच्या समोरची खुर्ची तिची. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, फरशीवर घासू न देता भिंतीपाशी नेली, तोंड भिंतीकडे करून ठेवली आणि बसली. समोर हिरवा तैलरंग होता, त्यावर कुंचल्याचे आडवे फटकारे, आणि डोळ्यांच्या थोडे वर एका बुजवलेल्या खिळ्याची खूण. स्टेफान मामा इतकी वर्षे काय पाहत असतील, असा प्रश्न तिला लहानपणी पडायचा. ते एवढेच होते.

भोंगा झाला. मागे दार उघडले, पावले आत आली आणि दाराशीच थबकली. व्हर्लची पावले तिला ओळखू येत होती. ती टेबलापर्यंत आली. मग एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग तिसरी. खोके उचलल्याचा आवाज आला. पत्ते गोळा करून ते खोक्यात भरल्याचा आवाज आला, आणि झाकण लागले.

नडीनने डबा उघडला आणि ती जेवू लागली.