दुधात कालवलेली झोप

मित्रांनो, मी एक जुनी काचेची दुधाची बाटली आहे. बोलायची मला सवय नाही. पोटात दूध धरून ठेवायचं आणि मागितलं की द्यायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे हे सगळं नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो लालसर उजेड, आणि त्या उजेडात आपण नुसते वाहत आहोत, आपल्याला अजून आकारच नाही, असं काहीसं वाटणं. मग आत वारा शिरल्यासारखं झालं आणि मी पोकळ झाले. पोकळ कशासाठी व्हायचं, ते तेव्हा कळलं नाही. पहिल्यांदा कोमट दूध भरलं गेलं, तेव्हा कळलं.

ते दूध देवेशचं होतं. त्याची आई नलिनी मला मुलुंडच्या एका दुकानातून घरी घेऊन आली. ती मालवणकडची, बोलायला फटकळ आणि हाताने फार प्रेमळ. देवेशचे वडील, ज्यांना आता सगळे नाना म्हणतात, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. अक्षरांवर नजर आणि तोंड बंद, असा त्यांचा स्वभाव.

देवेश दूध प्यायचा तेव्हा माझ्या तळाशी बारीक बुडबुडे वर चढायचे. मला वाटायचं, मी त्याला दूध देते आणि तो मला श्वास देतो. माझ्या काचेतून त्याचे डोळे मोठे आणि पाणीदार दिसत. मग पापण्या जड होत. झोप कुठून येते ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे, तरी मला सांगता येणार नाही. ती पायांकडून येते असं वाटे. आधी पावलं सैल पडत, मग मुठी, आणि शेवटी ओठ.

तो मोठा झाला. नलिनीने मला एकदा शेवटचं उकळलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. तिथे मी किती वर्षं होते ते विचारू नका. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत. मी दुधाची स्वप्नं पाहत असे. कधी वाटे, मीच दूध आहे आणि कुणीतरी मला हळूहळू पीत आहे.

एक दिवस लुगडं सुटलं आणि डोळे दिपले. देवेशला मुलगी झाली होती. तिचं नाव राधा.

"आई, आता प्लास्टिकच्या मस्त मिळतात ना," देवेश म्हणाला. "ही कुठे काढलीस?"

"काच ती काच," नलिनी म्हणाली. "तुज्या वाढीक चालली, तुज्या चेडवाक चालात."

मेडिकलमधून नवं निपल आलं. मी पुन्हा उकळले, पुन्हा चमकले. राधाची आई ऋतिका कांजूरमार्गला एका कंपनीत कामाला होती. तिची रजा संपली तेव्हा राधाला जेमतेम चार महिने झाले होते. ऋतिका सकाळी आपलं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून जाई, आणि दिवसभर ते माझ्यातून राधाला मिळे.

राधा गोड होती, पण तिची झोप चिमणीएवढी. रात्री ती सारखी उठे आणि ऋतिकाला उठवी. ऋतिकाच्या डोळ्यांखाली सावल्या साचत गेल्या. एका सकाळी तिचा मोबाइल सापडेना. घरभर शोधल्यावर तो डाळीच्या डब्यात निघाला.

"ऋतिका, आज आमटीला काय घालणार? चार्जर?" देवेश म्हणाला.

"हसू नकोस रे. ऑफिसात काल उभ्या उभ्या झोपले मी. मॅडम बघत होत्या." ती खुर्चीत बसली आणि नलिनीकडे वळली. "आई, काहीतरी करा ना. असंच चाललं तर मला काम सोडावं लागेल."

"पोटात काय रवत नाय तिच्या, म्हणान उठता ती," नलिनी म्हणाली. "पाण्यासारख्या दुधान कोण झोपतला? बाटलीत वायच सत्व घालूया. देवेशाक ह्याच बाटलीतसून दिलंय मी. काय झाला तेका?"

"बघ, मला काय झालं?" देवेश म्हणाला.

"ते विचारू नकोस," ऋतिका म्हणाली, आणि सगळे हसले. नाना वर्तमानपत्रामागून काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं. पण ते बोलले नाहीत.

नाचणीचं सत्व कसं करतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. नलिनीने नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, वाटली आणि तलम कापडातून गाळली. पातेल्यात तळाशी जो पांढरा साका बसला, तो ताटात पसरून खिडकीत वाळवला. घरभर ओल्या मातीसारखा आणि थोडा गोडसर वास भरला. त्या वासाने मलाही गुंगी आली. इतक्या मायेने केलेल्या वस्तूत धोका असू शकतो, हे माझ्या काचेच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

दूध आणि शिजवलेलं सत्व माझ्यात एकत्र झालं. मी आतून जड झाले. पण निपल तुंबलं. राधा ओढी, काही येत नसे, ती चिडून रडे. तेव्हा नलिनीने गोधडी शिवायची सुई गॅसवर लाल केली आणि निपलचं भोक मोठं केलं. रबराचा किंचित धूर झाला.

त्या दुपारी राधा खूप वेळ झोपली. पंख्याचं पातं फिरत होतं, बाहेर कबुतरं घुमत होती, आणि घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं होतं. संध्याकाळी ऋतिकाने सासूला मिठी मारली.

"झकास, आई. तुम्ही जादू केलीत."

"माजी नाय गो. ह्या बाटलीची," नलिनी म्हणाली आणि तिने मला पदराने पुसलं. मित्रांनो, कौतुक कुणाला आवडत नाही? मी ओट्यावर उभी राहून दिव्याचा उजेड अंगावर घेत होते.

पुढच्या दिवसांत मात्र राधा पुन्हा पहिल्यासारखीच उठू लागली. नलिनीने दूध अजून दाट केलं. आणि राधाला खोकला लागला. दूध पिताना ठसका बसे, मानेवर घाम येई.

"शेजारची ती बघून गेली ना काल, 'किती गुटगुटीत' म्हणाली. दृष्ट लागली," ऋतिका म्हणाली, आणि तेच ठरलं. नलिनीने मीठ-मोहरी ओवाळून गॅसवर टाकली. मोहरी तडतडली. "बघा, किती तडतडली. केवढी लागली होती," ऋतिका म्हणाली.

मला काहीतरी आठवत होतं, पण अंधुक. देवेशही असाच खोकायचा. त्याच्यावरूनही मीठ-मोहरी उतरली होती. एका पावसाळ्यात त्याची छाती इतकी भरली होती की नाना त्याला उभं धरून खोलीत फेऱ्या मारत होते. ते सगळं मी पाहिलं होतं. बाटलीने पाहिलेलं कुणाला कसं सांगायचं?

मग ती दुपार आली. नलिनी आत भांडी लावत होती. राधा नानांच्या मांडीवर होती.

"मान वर धरा तिची. तुमच्याकडे पोर दिला की तुमचो पुतळो होता," नलिनी आतून म्हणाली.

"धरली आहे गं," नाना हळू आवाजात म्हणाले.

राधाने मला तोंडात घेतलं. माझ्यातून घट्ट दूध भसकन गेलं. तिने एक घोट गिळला, दुसरा गिळायच्या आत तिसरा आला. तिचे डोळे माझ्या काचेतून मोठे झाले. ती माझ्याकडे पाहत होती. बुडबुडे थांबले. ती खोकली नाही, रडली नाही. तिच्या ओठांचा रंग बदलू लागला.

नानांनी मला बाजूला ढकललं. मी सतरंजीवर घरंगळत गेले. त्यांनी राधाला पालथं करून हातावर घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळहाताने थापट्या मारल्या. घरात तेवढाच आवाज होता. त्या क्षणी मला वाटलं, मी पुन्हा भट्टीतल्या उजेडात वाहत जावं, मला आकारच नसावा.

मग दाट दुधाचा गोळा सतरंजीवर पडला, आणि राधा किंचाळून रडली.

नलिनी धावत आली. तिच्या मुठीत मीठ आणि मोहरी होती.

"दृष्ट नाही गं ती," नाना म्हणाले. "मला वाटत होतं कालपासून. पण आपल्याला काय कळतं, तुला जास्त कळतं, म्हणून गप्प बसलो. हे बघ."

एका हाताने राधाला खांद्याशी धरून त्यांनी मला उचललं आणि मोरीवर उलटं केलं. थेंब पडायला हवा होता. धार पडली.

नलिनी त्या धारेकडे पाहत राहिली. मूठ सैल झाली, मोहरी जमिनीवर पसरली. "मी घातलंय ता," ती म्हणाली. "माज्या हातान."

त्याच संध्याकाळी ते राधाला घेऊन खालच्या दवाखान्यात गेले. मलाही पिशवीत घातलं होतं. डॉक्टर संघमित्रा तरुण होत्या. त्यांनी राधाची छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि ठीक आहे म्हणाल्या तेव्हा ऋतिकाने तिला परत कुशीत घेतलं. मग त्यांनी मला उजेडात धरलं.

"आजी, सत्व घरी करता?"

"व्हय."

"माझी आजीही करायची. सत्व वाईट नाही. पण बाळाला अजून ते गिळता येत नाही. सहा महिने झाले की मांडीवर बसवून वाटी-चमच्याने द्या. तिला जिभेने ओळखू दे, नको असेल तर तोंड फिरवू दे. बाटलीत मात्र कधीच नाही. आणि हे निपल फेकून द्या."

"पण त्या दिवशी झोपली होती ना छान?" ऋतिकाने विचारलं.

"त्या दिवशी सत्व नसतं तरी झोपली असती. ही बाळं पोट भरलेलं असलं तरी उठतात. त्यांची झोप हळूहळू मोठी होते, दात येतात तशी. तोवर झोप तिला नाही, तुम्हाला हवी आहे. ती कशी मिळेल ते घरात ठरवा."

घरात ठरलं ते असं. पहाटेच्या रडण्याला देवेश उठायचा, आणि उजाडलं की राधा नानांकडे. पहिल्या काही दिवसांत देवेशने चहात मीठ घातलं. ऋतिकाने त्याच्यासमोर डाळीचा डबा आणून ठेवला आणि मोबाइल आहे का बघून घे म्हणाली.

निपल नवं आलं, थेंब थेंब देणारं. माझ्यात आता फक्त दूध असे. पण खरं सांगू? माझी गरजही कमी होत गेली. राधा वाटीतून पिऊ लागली. सहा महिने पूर्ण झाल्यावर एका सकाळी नलिनीने ताजं सत्व शिजवलं. राधा सरळ बसली, चमचा पाहिला, एक बोटभर सत्व जिभेवर घेतलं, विचार केला, आणि बरंचसं नलिनीच्या पदरावर थुंकलं. सगळे हसले. मी फळीवरून पाहत होते. माझ्यात जे कधी नीट उतरलं नाही, ते एका लहानशा चमच्यात किती सहज बसलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात लहान बाळ असेल तर माझं एवढं ऐका. मी बाटली आहे, माझ्यात दुधाशिवाय काही घालू नका. माझ्या निपलचं भोक मोठं करू नका. बाळ पिताना त्याला कुणाच्या तरी हातात राहू द्या, आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहा. आणि ते रडून तुमची झोप मोडतं तेव्हा त्याच्यावर रागावू नका. त्याच्या आईला तासभर झोपू द्या आणि तेवढा वेळ तुम्ही जागे राहा.

काल रविवारी दुपारी ऋतिका गाढ झोपली होती. राधा तिच्याजवळ जागी झाली आणि तिने जोरात भोकाड पसरलं. नलिनी धावली, पण तिने "गप, गप" म्हटलं नाही. राधाला उचलून माझ्या फळीजवळ स्वयंपाकघरात आणलं, दार लोटून घेतलं आणि तिच्या कानाशी म्हणाली,

"रड गो बाय, रड. तुजो आवाज येता, ता बरा आसा."