दोनशे बारा वाक्ये

मी एक जुनी सेटअप फाईल आहे. संगणकावर प्रोग्राम बसवायचा असला, की इंटरनेटवरून माझ्यासारखी एक फाईल उतरवून घेतात. आज मी दुरुस्तीच्या दुकानातल्या जुन्या संगणकात आहे. वेळ कमी आहे, मित्रांनो, म्हणून थोडक्यात सांगते.

मला एका बाईंनी घडवले. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, त्यांनी आधीच आपली वाक्ये मी बसवते त्या प्रोग्राममध्ये बोलून ठेवायची. पुढे बटण दाबले की संगणक ती त्यांच्याच आवाजात बोलतो. संगणकाला बिचकणारी माणसे हे वापरणार, म्हणून बाईंनी माझ्यावर एकच मोठे बटण ठेवले.

तरी हा संगणक ज्या घरातून आला, तिथल्या बाबांनी मला चार वेळा उतरवले. पडद्यावर काही हलले नाही, की ते पुन्हा क्लिक करत. मी त्यातली चौथी. मला उघडताच 'अनोळखी फाईल, सावधान' अशी सूचना आली आणि बाबांनी घाबरून प्लगच उपटला. बाईंनी अर्धा तास फोनवरून धीर दिला. मग ऑपरेशनच्या आधी बाबांनी दोनशे बारा वाक्ये बोलून ठेवली. तेव्हा माझे फार कौतुक झाले. नंतर मला कोणी उघडले नाही. आमचे काम एकदाच असते.

गेल्या आठवड्यात नवा संगणक आला. बाबांच्या लेकीने प्रोग्राम उघडायचे पडद्यावरचे छोटे चित्र तेवढे पेन ड्राइव्हवर घेतले आणि जुना संगणक आतले सगळे पुसून टाकायला इथे दिला.

आज दुकानदाराचे बोट पुसण्याच्या बटणावर टेकणार, तोच लेक धापा टाकत आत शिरली.

"दादा, थांबा. हात लावू नका."

नव्या संगणकावर ते चित्र उघडत नव्हते. बाबा सकाळपासून हाताने खुणा करत होते. तिने फोन टेबलावर ठेवला. पलीकडे बाई होत्या.

"ताई, तुम्ही दारावरची पाटी काढून नेलीत. घर कुठंय?"

"दादांच्या बोटाखाली," लेक म्हणाली.

दुकानदाराने हात मागे घेतला. बाईंनी सांगितले तसे तो एकेक फोल्डर उघडत गेला. शेवटचा रिकामा निघाला.

"लपवलेले फोल्डर दिसू द्या," बाई हळूच म्हणाल्या. "चुकून कोणी पुसू नये म्हणून वाक्यांचा फोल्डर मीच लपवला. प्रत काढायचं बटणही ठेवलं नाही. चूक माझी आहे, ताई."

फोल्डर दिसला. दोनशे बारा. लेकीने हाताला लागले ते वाक्य दाबले.

"चष्मा डोक्यावर आहे तुझ्या. घरभर शोधू नकोस."

तिचा हात डोक्याकडे गेला. चष्मा तिथेच होता.

वाक्ये पेन ड्राइव्हवर गेली. दुकानदाराने ती दोनदा मोजली. मला कोणी घेतले नाही. उद्या बाई माझी धाकटी बहीण, म्हणजे नवी सेटअप फाईल, पाठवणार आहेत. तिच्या प्रोग्राममध्ये प्रत काढायचे बटण असेल.

मित्रांनो, कोणतीही वस्तू टाकण्याआधी आत कोणाचे काय राहिले आहे, ते उघडून पाहा. आणि मोठेपणी तुम्ही काही घडवलेत, तर लोकांची मोलाची चीज त्यांना सापडेल अशी ठेवा.

"ताई, आता पुसू?" दुकानदाराने विचारले.

लेकीने चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याकडे एकदा नीट पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.